'अनस्किल्ड' नक्की कोण?

स्मार्ट, क्लेव्हर, स्किल्ड, इंटेलिजंट, कनिंग, क्राफ्टी. इंग्रजीत हुशारीसाठी शब्दांची रेलचेल आहे. शाळेत यातले बरेचसे आपण समानार्थी म्हणून पाठ करतो. त्यांचा इतिहास पाहिला की मात्र कळतं, कोणाच्या अकलेला अक्कल म्हणायचं आणि कोणाच्या अकलेला लबाडी, याची वाटणीच या शब्दांनी करून ठेवली आहे.

'कनिंग' घ्या. मूळ अर्थ नुसता 'जाणणारा'. इंग्लंडच्या खेड्यांत झाडपाला देणाऱ्या, हरवलेली वस्तू शोधून देणाऱ्या जाणत्याला 'कनिंग मॅन' म्हणत. आज कनिंग म्हणजे कावेबाज. 'क्राफ्ट' म्हणजे आधी बळ, मग हातातलं कसब. 'क्राफ्टी' मात्र धूर्त ठरला. 'आर्टफुल'चंही तेच. डिकन्सच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधल्या खिसेकापू पोराचं टोपणनावच 'आर्टफुल डॉजर' आहे. रेमंड विल्यम्स 'कीवर्ड्स' या 1976च्या पुस्तकात दाखवतात, की 'आर्ट' म्हणजे एके काळी कुठलंही कौशल्य. पुढे त्यातून 'आर्टिस्ट' वर गेला आणि 'आर्टिझन', म्हणजे कारागीर, खाली राहिला.

यावर कोणी म्हणेल, शब्दांचे अर्थ बदलतातच, त्यात कसलं राजकारण? मुद्दा खरा आहे. 'नाइस' एकेकाळी 'अडाणी' होता, तो सुधारला. 'सिली' म्हणजे 'धन्य', तो घसरला. प्रत्येक घसरणीमागे कारस्थान शोधायची गरज नाही. पण 'अनस्किल्ड' हा शब्द आपोआप घसरलेला नाही. तो कायद्यात लिहिला गेला आहे.

महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा 1977चा, देशाचा 2005चा. दोन्हींत कामाचं वर्णन 'अनस्किल्ड मॅन्युअल वर्क' असं केलं गेलं, मराठीत 'अकुशल' काम. किमान वेतन ठरवतानाही कुशल, अर्धकुशल, अकुशल असे गट पडतात आणि प्रत्येकाचा दर वेगळा. म्हणजे हे विशेषण थेट मजुरीला जाऊन भिडतं.

गंमत बघा. 'स्किल' हा शब्द इंग्रजीत जुन्या नॉर्स भाषेतून आला, आणि तिथे त्याचा अर्थ होता फरक ओळखणं, विवेक. 'कुशल'ची आपल्याकडे परंपरेनं सांगितलेली व्युत्पत्ती त्याहून बोलकी आहे: कुश नावाचं धारदार गवत हात न कापता आणणारा, तो कुशल. मम्मटानं 'काव्यप्रकाशा'त हाच शब्द मूळ अर्थ मागे पडून रूढ झालेल्या अर्थाचं उदाहरण म्हणून दिला आहे. त्याला काव्यातली लक्षणा समजवायची होती. आपल्याकडे ते विस्मरण मजुरीच्या दरात उतरलं.

बांध घालणारी बाई जमिनीचा उतार डोळ्यानं मोजते. कुठला दगड कुठे बसेल, कुठली माती पाणी धरेल, हे तिला ठाऊक असतं. दोन दगडांतला फरक ओळखणं म्हणजे 'स्किल', आणि हात शाबूत ठेवून काम करणं म्हणजे 'कुशल'. दोन्ही भाषांच्या जुन्या कसोट्यांवर ती उतरते. नापास होते ती फक्त कागदावर, कारण तिच्या ज्ञानाला सर्टिफिकेट नाही.

'अनस्किल्ड'चा खरा अर्थ कौशल्य नसलेला असा नाहीच. ज्याच्या कौशल्याचे पैसे द्यायचे नाहीत असं आधीच ठरलंय, तो अनस्किल्ड. एखाद्या कोशाने ही नोंद करायला हरकत नाही.