आऊटरॅमने खानदेश जिंकला का?

2021 मध्ये अमेरिका काबूलमधून निघाली तेव्हा एक वाद पुन्हा पेटला: 20 वर्षं लढलात, आणखी थोडा दम धरला असता तर? दम धरा म्हणणाऱ्यांना एखादं यशस्वी उदाहरण हवं असतं. असं एक उदाहरण आपल्या धुळे-जळगावातलं आहे आणि त्यावर पुस्तकही आहे. ए. एच. ए. सिमकॉक्स या सनदी अधिकाऱ्याने 1912 मध्ये लिहिलेला खानदेश भिल्ल पलटणीचा इतिहास.

त्यातली मूळ गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. 1825 साली जेम्स आऊटरॅम हा 22 वर्षांचा अधिकारी आला, भिल्लांबरोबर वाघाच्या शिकारीला गेला, त्यांचा विश्वास मिळवला आणि त्यांचीच पलटण उभी केली. ठाणं धरणगावला. बंड शांत.

गोष्ट खोटी नाही, पण ती फार उशिरा सुरू होते. 1818 मध्ये कंपनीने खानदेश घेतला तोच थाळनेरच्या किल्लेदाराला फाशी देऊन. पुढची सात वर्षं धुळ्याहून कारभार चालला आणि सातपुड्यात फौजा जात राहिल्या. डोंगरातल्या तापाने शिपाई मरायचे. एक नाईक पकडला की दुसरा उठायचा. (पेशवाईतल्या अंमलदारांनीही काही वेगळं केलं नव्हतं. भिल्लांना दगाफटका करून मारल्याच्या नोंदी गॅझेटिअरमध्ये आहेत.)

मग 1825 मध्ये बदललं काय? माझ्या मते शिकारीपेक्षा हिशेब महत्त्वाचा. घाट राखायचे आणि त्याबद्दल वाटसरूंकडून, गावांकडून हक्क घ्यायचा, ही भिल्ल नाईकांची जुनी रीत. कंपनीने आधी तिला लूट म्हटलं. मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या काळात तेच हक्क पगार म्हणून द्यायला सुरुवात झाली. जोडीला माफी, जमीन, तगाई. चढायाही चालूच होत्या; आऊटरॅमची पहिली ओळख भिल्लांना झाली ती हल्ला करणारा म्हणूनच. पण बंड निवलं ते ज्या मागणीसाठी लढाई चालली होती ती बरीचशी मान्य केल्यावर. याला चिकाटीचा विजय म्हणणं मला पटत नाही. हा सौदा होता.

सिमकॉक्सचं पुस्तक सौदा दाखवतं, पण श्रेय एका माणसाला देतं. त्याचा सगळा कच्चा माल सरकारी कागदांचा. त्यात भिल्ल दोनच रूपांत भेटतो: लुटारू किंवा इमानी शिपाई. घासाघीस करणारा, अटी घालणारा, अट मोडली की उठणारा माणूस त्यात मावत नाही.

तो माणूस म्हणजे खाज्या नाईक. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या सेंधवा घाटाची राखण करणारा, कंपनीचाच पगारी. मध्ये नोकरी गेली, तुरुंगवास झाला, 1857 मध्ये पुन्हा कामावर घेतलं. त्याच वर्षी तो उठला आणि घाटात सात लाखांचा सरकारी खजिना लुटला. एप्रिल 1858 मध्ये अंबापाणीला मोठी लढाई झाली, भिल्ल बायकांनाही कैद करून नेलं. 1860 मध्ये खाज्याला दग्याने मारलं. आऊटरॅमने खानदेश कायमचा जिंकला असेल तर 33 वर्षांनी हे का झालं, याचं उत्तर इमान-बेइमानीच्या भाषेत मिळत नाही.

गंमत म्हणजे उत्तर काबूलमध्ये सापडतं. खानदेश सोडल्यावर 1839 च्या अफगाण स्वारीत आऊटरॅम स्वतः होता. तिथेही खिंडी राखणाऱ्या घिलझाई सरदारांना इंग्रज पैसे देत होते. 1841 मध्ये खर्च वाचवायला ती रक्कम कापली. खिंडी बंद झाल्या आणि जानेवारी 1842 मध्ये काबूलहून माघार घेणारी फौज बर्फात जवळजवळ सगळी संपली. त्या फौजेकडे तोफा होत्या, आणि शिस्तही. सेंधव्याचा घाट आणि काबूलची खिंड यांच्यात भूगोलाचा फरक प्रचंड, पण घाट कोणाचा हा प्रश्न तोच.

म्हणून ‘आणखी किती वर्षं लढायचं’ हा प्रश्नच मला चुकीच्या टोकाला धरलेला वाटतो. खानदेशात सात वर्षांनी जे दिलं ते 1818 मध्येही देता आलं असतं. मधल्या मेलेल्यांचा जमाखर्च पुस्तकात कुठल्याच बाजूला मांडलेला नाही.

सिमकॉक्स 1891 ला थांबतो, कारण पलटणीचं वेगळं अस्तित्व तिथे संपलं. त्याआधीच 1878 चा वनकायदा आला होता. ज्यांना घाटासाठी पगार मिळायचा, त्यांच्या नातवंडांना आता लाकडासाठी परवानगी लागणार होती. तो भाग वाचायला दुसरं पुस्तक शोधावं लागतं.