छापील अक्षराचे रूप

आपल्याकडील ग्रंथपरीक्षणांत एक वाक्य ठरलेले असते: ‘पुस्तकाची छपाई सुबक आहे.’ ते बहुधा शेवटी येते आणि सुबक म्हणजे काय, हे कोणी सांगत नाही. एकेका शब्दाच्या छटेवर पानभर लिहिणारा टीकाकार, तो शब्द ज्या अक्षरातून त्याच्यापर्यंत पोहोचला त्याविषयी मात्र मौन पाळतो. वास्तविक टाइप हीही एक कलाकृतीच होय व तिचेही परीक्षण व्हावयास हवे.

जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये मुंबईत ‘निर्णयसागर’ छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या त्याच्या टाइपाची कीर्ती महाराष्ट्राबाहेरील संस्कृत पंडितांपर्यंत गेली. १८८६ पासून निघू लागलेल्या ‘काव्यमाले’तील कोणताही ग्रंथ उघडावा. जोडाक्षरांची एवढी दाटी असूनही ओळ गुदमरत नाही. बोरूच्या तिरप्या कापाने येणारा जाड-बारीकपणा धातूतही जिवंत राहिला आहे. मूळ लेखणीचे स्मरण ठेवणारे असे हे अक्षर आहे.

याच्या शेजारी ‘मंगल’ ठेवून पाहावे. कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी संगणकासाठी घडविलेले हे अक्षर ‘विंडोज २०००’ बरोबर घरोघर व कचेऱ्यांत पोहोचले. पडद्यावरील मोजक्या ठिपक्यांत उभे राहावयाचे असल्याने त्यात बोरूचा विलास नाही. ते रुक्ष वाटते, हा आक्षेप खरा आहे. परंतु दिवसभर त्यातील हिंदी टिपणे वाचणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनास त्याचा एक गुण मान्य करावाच लागतो: सायंकाळपर्यंत ते डोळ्यांस टोचत नाही. साधनाची मर्यादा ओळखून केलेली काटकसर हाही सौंदर्याचाच एक प्रकार आहे.

बृहन्महाराष्ट्रातील वाचकांपुढचा प्रश्न याहून निराळा आहे. मराठीचा ल पाकळीयुक्त, श देठयुक्त. महाराष्ट्र शासनाने २०२२ च्या निर्णयात ही रूपे स्वीकारली आहेत. युनिकोडमध्ये ल चा क्रमांक एकच. दंड द्यावयाचा की पाकळ्या, हे फाँट ठरवितो. येथील मुद्रकांकडे हिंदीचे फाँट असतात, म्हणून आपली मराठी नियतकालिकेही पुष्कळदा हिंदी वळणाने छापली जातात. दंडाचा ल काही कुरूप नव्हे. परंतु हिंदी शाळेत शिकणाऱ्या मुलाला मराठी वळण दिसावयाचे ते याच पानांवर. तेथेही ते दिसले नाही, तर आजीचे पत्र वाचताना ते मूल अडखळणारच.

हा केवळ वळणाचा हट्टही नव्हे. ‘आचाऱ्यास’ बोलावले तर स्वयंपाक होतो आणि ‘आचार्यास’ बोलावले तर प्रवचन. हा भेद आडव्या कोरीसारख्या त्या अर्ध्या र वर अवलंबून आहे. ज्या फाँटात तो नीट उमटत नाही, त्याची ‘सुबक’ छपाई अर्थालाच दगा देते.

उपाय हाताशी आहे. राज्य मराठी विकास संस्थेने ‘यशोमुद्रा’ हे मराठी वळणाचे अक्षर तयार करवून घेतले आहे. संपादकांनी मुद्रकाला त्याचे नाव सांगावे, आणि परीक्षणकर्त्यांनी ‘छपाई सुबक’ असे लिहिण्यापूर्वी पानावरील ल, श आणि र निदान एकदा नीट पाहावेत.