ल्यूइस, ॲलन

(१ जुलै १९१५–५ मार्च १९४४). इंग्रजीत लिहिणारा वेल्श कवी व कथाकार. दुसऱ्या महायुद्धातील प्रमुख सैनिक-कवींत त्याची गणना होते. जन्म दक्षिण वेल्समधील ॲबरडेअरजवळ कुमॅमन या कोळसाखाणींच्या गावी, एका शिक्षकाच्या कुटुंबात. ॲबरिस्टविथ व मँचेस्टर येथे इतिहासाचे उच्च शिक्षण घेतल्यावर त्याने काही काळ अध्यापन केले. वृत्तीने तो शांततावादी होता; तरीही १९४० मध्ये तो सैन्यात दाखल झाला व पुढे साउथ वेल्स बॉर्डरर्स या पलटणीत अधिकारी झाला. १९४१ मध्ये ग्वेनो एलिस हिच्याशी त्याचा विवाह झाला.

‘ऑल डे इट हॅज रेन्ड’ या कवितेने त्याचे नाव झाले. छावणीतील पावसाळी रविवार, तंबूत पडून काढलेला वेळ आणि पहिल्या महायुद्धात मारल्या गेलेल्या एडवर्ड टॉमस या कवीचे स्मरण एवढाच तिचा ऐवज; रणांगण तीत नाही. युद्धातील कंटाळा व ताटातूट हेच त्याच्या काव्याचे खरे विषय होत. रेडर्स डॉन हा काव्यसंग्रह आणि द लास्ट इन्स्पेक्शन हा कथासंग्रह १९४२ मध्ये निघाला.

१९४२ च्या अखेरीस त्याची पलटण हिंदुस्थानात आली व पुण्याजवळ नीरा येथे तिचा तळ पडला. फुटबॉल खेळताना जबडा मोडल्याने तो पुण्याच्या रुग्णालयात होता. मराठी वाचकास त्याच्याविषयी विशेष कुतूहल वाटावे, ते या काळातील कवितांमुळे. ‘द मराठा घाट्स’ या कवितेत उन्हाने तडकलेली मैदाने, डोंगरमाथ्यावरील पिठासारखी तांबडी माती आणि त्या मातीने जखडलेला कृश शेतकरी यांचे चित्र आहे. अखेरीस भिकारी आणि भूमिहीन सैनिक यांना कवी एकाच वाटेवर आणतो. ही तुलना सहानुभूतीच्या बळावर उभी आहे. मात्र ग्रामदैवते व पुजारी यांच्याकडे तो परक्याच्या अधीर नजरेने पाहतो. शेतकऱ्याच्या हलाखीचा दोष तो देवांच्या माथी मारतो. सावकारी, शेतसारा आणि परकी सत्ता यांचा तेथे विचार नाही. खाणकामगारांचे शोषण जवळून पाहिलेल्या कवीकडून ही उणीव अधिक जाणवते.

‘करंजे व्हिलेज’ या कवितेत ही नजर बदलते. ज्याची ख्याती ऐकली त्या सोनेरी मंदिराऐवजी त्याला दारिद्र्यच दिसते. पण दगडाची लहानशी विष्णुमूर्ती त्याला एकट्यालाच बोलावते आणि तो निरुत्तर होतो. ‘द पेझंट्स’मध्ये तर भूमिकांची अदलाबदल होते : पाहणारे शेतकरी असतात आणि मरणाकडे चाललेले सैनिक हा त्यांच्यापुढील देखावा ठरतो. साम्राज्याच्या सैनिकाने स्वतःला असे शेतकऱ्याच्या डोळ्यांनी पाहणे विरळाच. ‘द ऑरेंज ग्रोव्ह’ या कथेत कवितांतून वगळलेले राजकारणही येते. देशातील अशांततेच्या काळात खून झालेल्या चालकाचे प्रेत घेऊन भटकणारा अधिकारी शेवटी भटक्यांच्या तांड्याला मिळतो.

कराचीतील सुरक्षित शिक्षकपद नाकारून ल्यूइस आपल्या पलटणीबरोबर आराकानच्या आघाडीवर गेला. तेथे स्वतःच्याच पिस्तुलाची गोळी लागून त्याचा मृत्यू झाला. लष्करी चौकशीत तो अपघात ठरला. अनेक अभ्यासक मात्र ती आत्महत्या मानतात.

हा! हा! अमंग द ट्रम्पेट्स (१९४५) हा संग्रह रॉबर्ट ग्रेव्ह्‌जच्या प्रस्तावनेसह मरणोत्तर प्रसिद्ध झाला. इन द ग्रीन ट्री (१९४८) मध्ये त्याच्या कथा व हिंदुस्थानातून लिहिलेली पत्रे आहेत. विल्फ्रेड ओएनप्रमाणे प्रत्यक्ष लढाईचा प्रखर अनुभव त्याच्या काव्यात नाही, तसेच त्याची भाषा कधीकधी अमूर्तात विरते. परंतु परभूमीत आपण कोण, हा प्रश्न त्याने प्रामाणिकपणे विचारला. सह्याद्रीच्या परिसराने त्याला तो विचारावयास भाग पाडले, म्हणून या कवितांचे येथील वाचकासही महत्त्व आहे.