शिक्षेच्या प्रमाणावरील अपिलीय नियंत्रणाच्या मर्यादा : एक चिकित्सा

प्रास्ताविक

फौजदारी खटल्यात दोषसिद्धी पुराव्यावर ठरते. शिक्षेचे प्रमाण मात्र बव्हंशी न्यायाधीशाच्या स्वेच्छाधिकारावर सोपविलेले असते. या स्वेच्छाधिकारात वरिष्ठ न्यायालयाने कितपत हस्तक्षेप करावा, हा प्रश्न आरोपी, पीडित व राज्य या तिघांच्याही हिताशी निगडित आहे. प्रस्तुत लेखात भारतीय कायद्याने या हस्तक्षेपावर घातलेल्या मर्यादांची चिकित्सा केली आहे.

कायदेशीर चौकट

फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम ३८६ नुसार आरोपीने दोषसिद्धीविरुद्ध केलेल्या अपिलात शिक्षा कमी करता येत असे, वाढविता येत नसे. शिक्षा अपुरी वाटल्यास कलम ३७७ अन्वये राज्यशासनाने स्वतंत्र अपील करणे आवश्यक होते. त्यातही आरोपीला कारण दाखविण्याची संधी दिल्याखेरीज शिक्षा वाढविता येत नसे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील कलमे ४२७ व ४१८ यांनी हीच रचना कायम ठेवली आहे. या मर्यादेमागील तत्त्व उचित आहे. अपील केल्याने शिक्षा वाढेल अशी धास्ती असेल, तर अन्यायाने दोषी ठरलेला मनुष्यही अपिलाच्या वाटेस जाणार नाही.

न्यायालयीन भूमिका

बेद राज खटल्यात (१९५५) उच्च न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा दहा वर्षांवर नेली होती. सर्वोच्च न्यायालयाने मूळ शिक्षा पुनःस्थापित केली. शिक्षा उघडउघड अपुरी असल्याखेरीज ती वाढवू नये, ही कसोटी त्यातून दृढ झाली. नादिर खान खटल्यात (१९७५) मात्र उच्च न्यायालयाला पुनरीक्षणाच्या अधिकारात स्वतःहून शिक्षा वाढविता येते, असे मान्य झाले. याउलट नागराजन खटल्यात (२०२५) आरोपीच्याच अपिलात हा अधिकार वापरण्यास सर्वोच्च न्यायालयाने मज्जाव केला. या दोन निर्णयांची सांगड कशी घालावयाची, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरतो.

मर्यादेची दुसरी बाजू

२००६ साली मुंबईच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर मोटार गेली आणि सात जण मृत्युमुखी पडले. या परेरा खटल्यात सत्र न्यायालयाने सहा महिन्यांची, तर उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाबद्दल तीन वर्षांची शिक्षा दिली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तीन वर्षांची शिक्षाही अत्यल्प असल्याचे स्पष्टपणे नमूद केले; परंतु राज्याने अपील केले नसल्याने ती वाढविण्याचा विचार केला नाही. न्यायालयाला अपुरेपणा दिसत होता. तथापि, तो दूर करण्याचा मार्ग राज्याच्या मौनामुळे खुंटला.

येथे पीडितांचे स्थान काय, हा प्रश्न उपस्थित होतो. २००९ च्या अखेरीस अमलात आलेल्या कलम ३७२ च्या परंतुकाने पीडितास दोषमुक्तीविरुद्ध, कमी गंभीर गुन्ह्याखालील दोषसिद्धीविरुद्ध व अपुऱ्या भरपाईविरुद्ध अपिलाचा अधिकार दिला. अपुरी शिक्षा मात्र त्यातून वगळली गेली. परविंदर कंसल खटल्यात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ कायम केला. भरपाईची रक्कम अपुरी म्हणता येते, शिक्षा म्हणता येत नाही, ही विसंगती होय. पीडिताची सूडभावना अपिलात उतरेल, हा आक्षेप गंभीर आहे. परंतु अंतिम निर्णय न्यायालयाचाच असल्याने तो निर्णायक ठरत नाही.

शिवाय ‘उघडउघड अपुरी’ या कसोटीस मोजमाप नाही. सदोष मनुष्यवधाच्या ज्या वर्गाखाली परेरा खटला आला, त्यासाठी भारतीय दंड संहितेत दहा वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद होती. किमान शिक्षा नव्हती. न्यायमूर्ती मलिमथ समितीने २००३ मध्येच शिक्षाविषयक मार्गदर्शक तत्त्वांची आवश्यकता प्रतिपादिली होती.

निष्कर्ष

आरोपीच्या अपिलात शिक्षा न वाढविण्याची मर्यादा अबाधित राहिली पाहिजे. दोष मर्यादेत नाही, तर शिक्षावाढीसाठी अपिलाचा अधिकार एकट्या राज्याच्या हाती एकवटण्यात आहे. न्यायालयाच्या पूर्वपरवानगीने व ठराविक मुदतीत पीडितास असे अपील करू देणे आणि शिक्षेचे निकष लेखी स्वरूपात ठरविणे, हे दोन उपाय त्यावर सुचविता येतात. अन्यथा शिक्षेचा पुनर्विचार न्यायाच्या निकषावर न होता शासनाच्या इच्छेवर अवलंबून राहील.