सहा लाखवाले नेमके कोण?

भारतात 31 टक्के लोक मध्यमवर्गात आहेत, असं आपण पेपरात वाचतो. हा आकडा ‘प्राइस’ या संस्थेच्या 2022 च्या अहवालातला. त्यांची व्याख्या सोपी आहे: 2020-21 च्या किमतींनुसार वर्षाला 5 ते 30 लाख मिळवणारं कुटुंब मध्यमवर्गीय. प्रबंधात मीही हीच पट्टी वापरणार होते. कोयनानगरला लावून बघितली आणि अडकले.

समजा, तिथली दोन घरं आहेत, दोघांचं उत्पन्न 6 लाख. एक जलसंपदा विभागातल्या कर्मचाऱ्याचं. तो 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलेला, म्हणजे जुनी पेन्शन पक्की. दुसरं घर ओझर्डे धबधब्याला येणाऱ्या लोकांवर छोटं हॉटेल चालवणारं. पावसाळ्यात गर्दी, मग शुकशुकाट. ऐन जुलैत कुंभार्ली घाटात दरड आली की चिपळूणकडची गिऱ्हाईकं बंद. अहवालात मात्र दोघंही एकाच खान्यात! यंदा किती आले ते मोजलं, पुढच्या वर्षी येतील का ते मोजलंच नाही. मुलीला चार वर्षं पुण्यात इंजिनिअरिंगला ठेवायची हिंमत या दुसऱ्या गोष्टीवर ठरते. अहवालाची मोठी उणीव मला हीच वाटते.

सरकारी कागदांत तर आणखी गंमत. 6 लाखांवर रेशनकार्ड पांढरं, कारण केशरीची मर्यादा 1 लाख, तीही 1999 ची. पण घर खुल्या प्रवर्गातलं असेल आणि जमीन-घराच्या अटीत बसत असेल, तर ‘आर्थिक दुर्बल’ असा दाखला मिळतो, कारण तिथे मर्यादा 8 लाख. एकच घर रेशन दुकानात सधन, प्रवेशाच्या वेळी दुर्बल.

अमेरिकेत प्यू रिसर्च सेंटर अगदी मधल्या कुटुंबाचं उत्पन्न धरतं आणि त्याच्या दोन तृतीयांशापासून दुपटीपर्यंतच्यांना मध्यम म्हणतं. घरात माणसं किती, तेही बघतं. उत्पन्नं वाढली की पट्टी सरकते, हे मला पटतं. त्या मापाने तिथला मध्यमवर्ग 1971 मधल्या 61 टक्क्यांवरून 2023 मध्ये 51 टक्क्यांवर आला. पण जगाचा हिशोब करताना हीच संस्था माणशी रोज 10 ते 20 डॉलर अशी ठरीव पट्टी लावते. देशादेशांची तुलना करायची तर तसं करावं लागतं, मान्य. हॉटेलवाल्याचा प्रश्न मात्र दोन्हीत सुटत नाही.

म्हणून माझ्या प्रश्नावलीत उत्पन्नाखाली आता आणखी एक रकाना आहे: गेल्या बारा महिन्यांत किती महिने पैसे आले?