संकलनपटातील नृत्य : जतन आणि विस्मरण

जुन्या संगीतपटांतील नृत्यांचे वेचे एकत्र गुंफून सिद्ध झालेल्या चित्रपटाकडे सामान्यतः निव्वळ स्मरणरंजन म्हणून पाहिले जाते. वस्तुतः वेचा निवडणे, तो मूळ कथनातून सोडवणे आणि नव्या क्रमात बसवणे या तिन्ही क्रिया अर्थनिर्णयाच्या आहेत. जॅक हेली ज्युनिअर यांचा ‘दॅट्स डान्सिंग!’ (१९८५) या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

‘टॉप हॅट’ (१९३५) मध्ये फ्रेड अस्टेअरसमवेत नाचणारी जिंजर रॉजर्सची नायिका त्याला आपल्या मैत्रिणीचा पती समजत असते. त्या युगुलनृत्यातील ओढ आणि संकोच यांचा ताण कथेने निर्माण केलेला आहे. असे नृत्य सुटे केले की लालित्य उरते, पेच उरत नाही. पात्र मागे सरते, नर्तक पुढे येतो. कथेची जागा परंपरा घेते. याचा लाभही नाकारता येत नाही. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ (१९३९) मधून गाळले गेलेले रे बोल्जरचे बुजगावण्याचे संपूर्ण नृत्य ‘दॅट्स डान्सिंग!’मुळे प्रेक्षकांसमोर आले. कथनाने जे टाकले ते संकलनाने उचलले.

परंतु हा सुटेपणा सर्वांच्या वाट्याला सारखाच आलेला नव्हता. कृष्णवर्णीय कलावंतांचे प्रवेश अनेकदा मुळातच कथेपासून अलग चित्रित केले जात. अमेरिकेच्या दक्षिणेकडील चित्रगृहांत ते कापून टाकणे त्यामुळे सोयीचे होई. लीना हॉर्नची गाणी याची साक्ष देतात. ‘डाउन अर्जेंटाइन वे’ (१९४०) मध्ये निकोलस बंधू विलक्षण नाचतात, पण कथानकात त्यांना स्थान नाही. संकलनपटात हेच बंधू अस्टेअर आणि जीन केली यांच्या पंक्तीला येऊन बसतात. हा न्याय खरा, पण अपुरा आहे. कारण जेथे सर्वच नृत्ये सुटी झाली, तेथे कोणाचे नृत्य आधीपासून सुटे ठेवले होते हे दिसेनासे होते. समतेच्या या देखाव्यात बहिष्काराची खूणच पुसली जाते.

‘दॅट्स एंटरटेनमेंट! थ्री’ (१९९४) मध्ये लीना हॉर्न स्वतः स्टुडिओतील आपल्या अनुभवाविषयी बोलते, तेव्हा गौरवपटातही चिकित्सेला वाव असल्याचे प्रत्ययास येते. तात्पर्य, संकलनपटाचे मूल्यमापन त्याने काय जतन केले एवढ्यावरच करून भागणार नाही; वेचा जेथून कापला तेथील व्रण तो दाखवतो की झाकतो, हेही पाहिले पाहिजे.