ट्यूबची जाड बाजू

सायकलची नवी ट्यूब घेताना मी दुकानदाराला खोके उघडायला लावतो. घडी सोडायची, रिमकडची बाजू आणि रस्त्याकडची बाजू वेगळी करायची आणि दोन्ही आळीपाळीने चिमटीत धरून पाहायच्या. साध्या ट्यूबमध्ये दोन्हीकडे सारखेच पातळ रबर लागते, जेमतेम एक मिलिमीटर. पंक्चर कमी व्हावे म्हणून बनवलेल्या जाड ट्यूबमध्ये रिमकडे तेच पातळ रबर असते, पण रस्त्याकडे ते तीन-चार मिलिमीटरपर्यंत भरलेले असते. एकाच नळीत दोन जाड्या, आणि एक संपून दुसरी कुठे सुरू झाली ते बोटाला सापडू नये. काटा येतो तो एकाच दिशेने. घडवणाऱ्याने रबर तिथेच खर्च केले आहे, बाकी ठिकाणी हात आखडता घेतला आहे. नीट बनवलेल्या ट्यूबचा तो उतार मी बोटाने दोन-तीनदा तरी चाचपून पाहतो.

तीन मिलिमीटर रबराने असा काय फरक पडतो, हे समजायला आमचे ठाणे-कल्याणचे रस्ते पाहावेत. देशावर सायकलस्वाराचा वैरी म्हणजे सराटा आणि बाभळीचा काटा. इकडे येऊरच्या चढावर कडेच्या झाडीतून खैराचा किंवा बोरीचा काटा लागतो, नाही असे नाही. पण घोडबंदर रोडवर आणि कल्याण-शीळ रस्त्यावर खरी गाठ पडते ती तारेशी. न्हावा-शेवा बंदराकडून गुजरातकडे जाणाऱ्या अवजड गाड्या घोडबंदरवरून धावतात. त्यांचे टायर फुटतात, झिजतात, आणि त्यांच्या पोटातल्या पोलादी तारांचे केसाएवढे तुकडे कडेच्या धुळीत पडून राहतात. सायकल चालते नेमकी त्याच कडेने. अशी तार टायरमध्ये शिरते तेव्हा कळतही नाही. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यासरशी ती थोडी थोडी आत सरकत राहते, आणि टायरचे कातडे ओलांडून तिचे टोक दीड-दोन मिलिमीटर पुढे येते. साध्या ट्यूबला तेवढे पुरते. जाड ट्यूबमध्ये तेच टोक रबरात रुतते आणि हवेपर्यंत पोहोचतच नाही. मागे एकदा माजिवड्याजवळ मी टायर उतरवला, तेव्हा ट्यूबच्या जाड बाजूवर टोचण्याच्या पाच खुणा मोजल्या. हवा एकीतूनही गेलेली नव्हती.

याहून सूक्ष्म गोष्ट रबराच्या ताणात आहे, आणि ट्यूब निवडताना ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. हलकी ट्यूब टायरच्या पोटापेक्षा बरीच अरुंद असते. हवा भरली की ती फुग्यासारखी ताणून टायरला भिडते. ताणलेल्या रबराला टोचले की छिद्र फाकते, कारण चहूबाजूंचे रबर त्याला आपल्याकडे ओढत असते. जाड ट्यूब मुळातच टायरच्या पोटाएवढ्या मापाची घडवलेली असते, म्हणून हवा भरल्यावरही ती फारशी ताणली जात नाही. तिच्यात काटा आरपार गेला, तरी रबर काट्याभोवती आवळून बसते. हवा जाते ती हळूहळू. संध्याकाळी डोंबिवली स्टेशनजवळ टोचलेले चाक घरी पोहोचेपर्यंत साथ देते आणि सकाळी बसलेले दिसते. खोक्यावर ‘पंक्चर-प्रूफ’ असे काहीही छापलेले असो, न टोचली जाणारी ट्यूब कुणी बनवलेली नाही. चांगली ट्यूब घाव सोसते आणि वेळ देते. पावसात, ट्रकच्या रांगेला लागून सायकल हाकणाऱ्याला त्या अर्ध्या तासाचे मोल विचारा.

रबराच्या जातीकडेही पाहू. डनलॉप नावाच्या पशुवैद्याने 1888 साली बेलफास्टमध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले, तेव्हा हाताशी होते ते झाडाच्या चिकाचे रबर. ते लवचिक असते, उसळते, पण हवा धरून ठेवत नाही. आजही शर्यतवाले लॅटेक्सच्या ट्यूबा वापरतात, आणि त्यांना रोज सकाळी पंप मारावा लागतो. 1937 साली अमेरिकेत स्पार्क्स आणि थॉमस या दोन रसायनतज्ज्ञांनी ब्यूटिल रबर तयार केले. त्याच्या रेणूंच्या साखळ्या इतक्या दाटीने बसतात की त्यांच्यामधून हवेला वाटच मिळत नाही. आठवडाभर हवा टिकवणारी काळी ट्यूब ही त्या दाटीची किमया. ओळखायची खूण सोपी आहे. नळी थोडी ओढून सोडावी. ब्यूटिल सावकाश, जड अंगाने मूळ जागी येते. लॅटेक्स चटकन परत फिरते. ब्यूटिलचा हाच संथपणा रस्त्यावर किंचित जड वाटतो, आणि जाड ट्यूबमध्ये तो अधिकच जाणवतो. 26 इंची साधी ट्यूब दोनशे ग्रॅमच्या आसपास भरते. जाड असेल तर चारशेच्या पुढेही जाते. ही किंमत मला मान्य आहे, पण ती दोन्ही चाकांवर मोजायची गरज नाही.

आता व्हॉल्व्हचे बूड. जाणता कारागीर ट्यूब हातात घेताच आधी तिथे पाहतो. धातूची नळी रबराला जिथे मिळते तिथे जाड रबराची चकती हवी, तिच्या कडा उतरत्या हव्यात आणि एकही कडा सुटलेली नको. त्यानंतर सांधा. ट्यूब मुळात सरळ नळी असते, तिची दोन टोके जोडून वर्तुळ करतात. तो जोड शोधून बोटांनी ताणून पाहावा. रंगात फिकी रेघ उमटली तर ट्यूब परत करावी. मग व्हॉल्व्हचा प्रकार. जुन्या काळ्या सायकलीचा वालट्यूबवाला व्हॉल्व्ह हे एक देखणे साधेपण आहे: वितभरही नसलेली रबरी नळी आणि आतून दाबणारी हवा, एवढ्यावर तो चालतो. त्या नळीचे रबर कडक झाले की चाक रोज थोडे बसते आणि माणूस उगाच पंक्चर शोधत राहतो. व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचा एक थेंब लावून बुडबुडा येतो का ते पाहणारा कारागीर मला कोणत्याही यंत्राहून भरवशाचा वाटतो. रोजच्या वापराला मात्र मोटारीसारखा व्हॉल्व्हच बरा, पेट्रोल पंपावरही हवा भरता येते.

ट्यूबमध्ये घालायच्या हिरव्या द्रवाबद्दल थोडक्यात. त्यातले धागे छिद्रात अडकून ते बुजवतात, आणि तारेच्या बारीक टोचणीवर तो उपाय खरा ठरतो. काचेने चीर पडली तर तो हतबल होतो, आणि ओल्या झालेल्या ट्यूबवर पॅच धड चिकटत नाही. मला स्वतःला बरणीतल्या हुशारीपेक्षा रबरातली हुशारी प्रिय आहे.

पण उत्तम ट्यूबही वाईट बसवली तर मातीमोल. कल्याणच्या एका कारागिराचे हात मी मन लावून पाहत आलो आहे. आधी तो टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवतो. जिथे कापूस अडकतो तिथे तार असते. मग रिमवरची पट्टी तपासतो, कारण आऱ्यांची टोके आतून टोचली तर बाहेरच्या जाड रबराचा काय उपयोग? ट्यूबला शंखजिऱ्याची पूड चोळतो, म्हणजे ती टायरला घासत नाही. गोल होईल इतपतच हवा भरून ती आत बसवतो. टायरवरचे कंपनीचे नाव बरोबर व्हॉल्व्हसमोर आणतो. पुढे कधी पंक्चर निघाले, तर ट्यूबवरच्या छिद्रावरून टायरमधली जागा क्षणात सापडावी म्हणून. शेवटची कड तो अंगठ्यांनी चढवतो, पान्याला हात लावत नाही. ते अंगठे वळताना पाहणे हा निखळ आनंद आहे.

मागच्या चाकावर भार अधिक असतो, आणि पुढचे चाक आडवा पडलेला खिळा उभा करून मागच्यासाठी ठेवते असे कारागीर सांगतात. म्हणून ठाणे-कल्याण पट्ट्यात रोज सायकल चालवणाऱ्यासाठी माझा कौल असा: मागे जाड ट्यूब, पुढे साधी, पिशवीत एक पातळ ट्यूब घडी करून. हवा दर आठवड्याला पाहावी. कमी हवेत पेव्हर ब्लॉकच्या कडेवर चाक आपटले की रिम ट्यूबला चिमटते आणि सर्पदंशासारखी दोन छिद्रे पडतात; तिथे जाडीही पुरी पडत नाही. दुकानात जाताना टायरच्या कडेवर छापलेला आकडा पूर्ण लिहून न्या. 26 × 1.95 आणि 26 × 1⅜ या दोन्हींना लोक 26 इंचीच म्हणतात, पण पहिल्याची रिम 559 मिलिमीटरची असते आणि दुसऱ्याची 590.